राजाचा खजिनदार आणि न्यायाधीश एकच: रिचर्ड फिट्झनीलची कारकीर्द कशी समजून घ्यावी

प्रश्न असा आहे: बाराव्या शतकातल्या इंग्लंडात रिचर्ड फिट्झनील जवळजवळ चाळीस वर्षं राजाचा खजिनदार होता, त्याच काळात न्यायाधीश म्हणूनही बसत होता आणि शेवटी लंडनचा बिशपही झाला. वसुली करणारा आणि निवाडा देणारा माणूस एकच, हे त्या काळी कुणाला खटकलं नाही का? शिवाय त्याच्या बापाने हे पद पैसे मोजून घेतलं होतं, मग त्याला सचोटीचा अधिकारी का म्हणतात?

मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली आणि इंग्लंडच्या जुन्या हिशेबांच्या गुंडाळ्या, ज्यांना पाइप रोल म्हणतात, त्या छापील रूपात बरीच वर्षं वाचतो आहे. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आपण ‘खजिनदार’ म्हटलं की तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस डोळ्यांपुढे आणतो आणि ‘न्यायाधीश’ म्हटलं की खटले ऐकणारा. 1170 च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये ही वाटणीच नव्हती. एक्सचेकर हे राजाचं हिशेब घेणारं खातं होतं आणि ते न्यायालयही होतं. तिथे हिशेब तपासणं म्हणजे शेरिफला समोर बसवून त्याची सुनावणी घेणं. शेरिफ म्हणजे काउंटीचा राजाने नेमलेला कारभारी. काउंटीचा मक्ता त्याच्याकडे असे. ठरलेली रक्कम त्याने वर्षाला भरायची, शिवाय दंड, नजराणे, इतर येणी वसूल करून आणायची. आणली नाहीत तर का आणली नाहीत, हे त्याने सिद्ध करायचं. एखादी वजावट मान्य करायची की नाही, याचा निर्णय तिथे बसलेले लोक करत. तो निर्णय न्यायालयीनच असे, कारण त्यावर फेरविचार फक्त राजा करू शकत होता.

हे सगळं आपल्याला कळतं ते रिचर्डमुळेच. राजा दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे 1176-77 च्या सुमारास, त्याने एक्सचेकरच्या कामकाजावर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहायला घेतलं, ‘डायलॉगस दे स्काकारियो’, म्हणजे एक्सचेकरविषयीचा संवाद. थेम्सकाठच्या एका बुरुजाच्या खिडकीशी तो बसला असताना एक जण येऊन म्हणतो की तुम्हाला येणारी विद्या तुम्ही इतरांना का शिकवत नाही. तिथून गुरू-शिष्यांचा संवाद सुरू होतो. शिष्य अडवतो, शंका काढतो, कधी कधी गुरूला चांगलंच पेचात पकडतो. एखाद्या खात्याच्या प्रमुखाने स्वतःच्या खात्याची कार्यपद्धती इतक्या बारकाईने लिहून ठेवल्याचं मध्ययुगीन युरोपातलं दुसरं इतकं जुनं उदाहरण मला माहीत नाही.

त्या पुस्तकात रिचर्ड सुरुवातीलाच बुद्धिबळाची उपमा देतो. पटावर जशी दोन राजांत लढाई होते तशी इथे मुख्यतः दोघांत होते, खजिनदार आणि हिशेब द्यायला बसलेला शेरिफ. बाकीचे न्यायाधीश म्हणून बसून बघतात आणि निवाडा देतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. हिशेबाच्या दिवशी खजिनदार हा एक पक्षकार होता. निवाडा एकट्याचा नव्हता.

आता ते टेबल जवळून बघू. लांबी साधारण 10 फूट, रुंदी 5 फूट, चारही बाजूंना चार बोटं उंच कड, म्हणजे वरचं काही घरंगळून खाली पडू नये. त्यावर दर ईस्टरच्या बैठकीला नवीन विकत आणलेलं काळं कापड, त्यावर ठरावीक अंतराने रेघा. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग विसा-विसा पौंडांचा, शेकड्यांचा, हजारांचा. गणना करणारा कारकून मधोमध बसतो आणि त्या रकान्यांत चकत्या मांडतो. शेरिफने किती द्यायचं ते वरच्या ओळीत, किती दिलं ते खाली. मग वरून खालचं वजा होत जातं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं किती जिकिरीचं ते एकदा करून बघा. या पटावर शून्य लिहावं लागत नाही, रकाना रिकामा ठेवला की झालं. आणि शेरिफला अक्षर वाचता येत नसलं तरी आपल्या डोक्यावर किती बाकी चढते आहे हे त्याला दिसतंच.

पैसे भरल्याची पावती म्हणजे खाचा पाडलेली हेझलची काठी, टॅली. अंगठा आणि तर्जनी ताणली की जेवढं अंतर होतं तेवढी लांब. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगाची त्याहून बारीक. पेनीसाठी लाकूड काढायचंच नाही, नुसती चीर द्यायची. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक फाक पैसे भरणाऱ्याकडे, एक एक्सचेकरकडे. शेरिफने ईस्टरला साधारण निम्मी रक्कम भरायची, आपली फाक जपून न्यायची आणि मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या बैठकीत, परत आणायची. दोन्ही फाका जुळवल्या की कुणी नंतर खाच वाढवली असेल तर तिथल्या तिथे उघडी पडते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. 1834 मध्ये साठलेल्या जुन्या काठ्या वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि पार्लमेंटची इमारतच जळाली.

नाण्यांच्या बाबतीतही तोंडी विश्वास नव्हता. ज्या काउंटीचा मक्ता शुद्ध चांदीत भरायचा होता, तिथल्या शेरिफने आणलेल्या ढिगातून 44 शिलिंगांची नाणी मिसळून काढायची, थैलीत घालून मोहोर लावायची. त्यातली 20 शिलिंगांची नाणी, म्हणजे 240 पेनी, भट्टीत गाळायची. गाळून उरलेल्या चांदीचं वजन पौंडाला जितकं कमी पडेल तितकी घट शेरिफच्या माथी. गाळताना शेरिफला हजर राहता येई. मूस फुटली, काही सांडलं, त्याला संशय आला, तर दुसऱ्यांदा कस लावता येई. हा त्याचा हक्क होता आणि रिचर्डने तो स्पष्ट लिहून ठेवला आहे. तपासणी करताना समोरच्याला आक्षेप घ्यायची संधी दिली की नाही, हे मी प्रत्येक हिशेबात आधी बघत आलो. म्हणून या तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो.

हिताचा टकराव मात्र खरोखर होता आणि तो सगळ्यात ठळक दिसतो दंडांच्या बाबतीत. हेन्रीने राजाचे न्यायाधीश नियमितपणे फिरतीवर पाठवायला सुरुवात केली होती. ते काउंटी-काउंटीत जाऊन खटले चालवत, दंड लावत, आणि त्या दंडांच्या याद्या वेस्टमिन्स्टरला खजिनदाराकडे देत. तिथून त्या पाइप रोलात चढत आणि शेरिफकडून वसूल होत. 1179 मध्ये विंडसरच्या बैठकीत देशाचे चार भाग करून प्रत्येकावर न्यायाधीशांचं पथक नेमलं, तेव्हा त्यातल्या एका पथकात विंचेस्टरचा बिशप रिचर्ड ऑफ इल्चेस्टर होता आणि त्याच्याबरोबर आपला रिचर्ड, राजाचा खजिनदार म्हणून. म्हणजे दंड लावणारा तोच, यादी देणाऱ्यांतला तोच, यादी घेणारा तोच आणि वसुलीला बसणाराही तोच. आजच्या कुठल्याही लेखापरीक्षकाने यावर लाल शाईने शेरा मारला असता.

यावर त्याच्याकडे काय उपाय होता? त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात एक नियम आहे. फिरत्या न्यायाधीशांनी दंडांची यादी एकदा खजिनदाराच्या हाती दिली की तिच्यातला एक ठिपकाही बदलायचा अधिकार त्यांना उरत नाही, सगळ्यांचं एकमत असलं तरीही. म्हणून देण्याआधी नीट तपासून घ्या, असं तो बजावतो. कारण उघड आहे. दंड लावून झाल्यावर गाठीभेटी सुरू होतात, शब्द टाकले जातात, यादीत नाव पुसट होतं. रिचर्ड स्वतः दोन्ही बाजूंना बसलेला माणूस होता, त्यामुळे ही चोरवाट कुठून निघते हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

पाइप रोल लिहिण्याची पद्धतही तशीच. खजिनदार तोंडी सांगतो, त्याचा लेखनिक लिहितो. शेजारी बसलेला चान्सलरचा, म्हणजे राजाची मोहोर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, लेखनिक तेच शब्द दुसऱ्या गुंडाळीवर उतरवतो. चान्सलरचा कारकून वरून बघतो, चूक दिसली तर खजिनदाराला टोकायचा त्याला अधिकार. रिचर्ड ऑफ इल्चेस्टरला तर राजाने मुद्दाम खजिनदाराच्या शेजारी बसवलं होतं, लिखाणावर लक्ष ठेवायला. आणि थॉमस ब्राउन नावाचा एक अधिकारी, जो आधी सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारात होता, त्याचा लेखनिक तिसरी गुंडाळी लिहीत बसलेला असे. गुंडाळीसाठी मेंढीचं कातडं वापरायचं, कारण त्यावर खरवडलं की डाग राहतो. चूक झाली तर खरवडायचं नाही, रेघ मारून योग्य शब्द वर लिहायचा. खजिनदाराने तीन गोष्टींत चूक होऊ द्यायची नाही असं तो म्हणतो: रक्कम, कारण आणि माणूस. किती, कशापोटी, कुणाकडून. जमाखर्चाची कुठलीही नोंद तपासताना मी आजही याच क्रमाने जातो.

म्हणून माझं मत असं की त्या व्यवस्थेत अधिकार विभागलेले नव्हते, पण नजरा विभागलेल्या होत्या. एकाच्या हाती दोन-तीन कामं असणं त्यांना चालत होतं. एकट्याने, कुणी बघत नसताना, काम करणं चालत नव्हतं.

आता पद विकत घेतल्याबद्दल. रिचर्ड ज्या घराण्यातला होता ते घराणंच एक्सचेकरचं. त्याच्या बापाचा मामा किंवा काका म्हणता येईल असा रॉजर, सॉल्सबरीचा बिशप, पहिल्या हेन्रीचा सगळा कारभार चालवत होता. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पाइप रोल 1130 चा, म्हणजे रॉजरच्याच काळातला. रॉजरचा पुतण्या किंवा भाचा नायजेल हा पहिल्या हेन्रीचा खजिनदार आणि 1133 पासून इलीचा बिशप. रिचर्ड हा या बिशपचाच मुलगा. 1139 मध्ये राजा स्टीफनने रॉजरला पकडलं, घराणं कोसळलं, यादवी माजली आणि हिशेबाची घडी पार विस्कटली. 1154 मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला तेव्हा जुनी पद्धत माहीत असलेला नायजेल त्याने परत बोलावला. 1156 पासून पाइप रोलांची मालिका जवळजवळ अखंड मिळते, त्यात नायजेलचा मोठा वाटा.

मग 1159 च्या तुलूझच्या मोहिमेसाठी हेन्रीला पैसा हवा होता, तेव्हा नायजेलने 400 पौंड देऊन खजिनदारी मुलाला मिळवून दिली, असं इलीच्या मठातल्या इतिहासात लिहिलं आहे. रक्कम लहान नव्हती. रिचर्डच्याच पुस्तकात खजिनदाराच्या लेखनिकाला बैठकीच्या काळात रोज 5 पेनी मिळत असल्याचं दिलं आहे. 400 पौंड म्हणजे 96,000 पेनी, अशा माणसाची 19,200 दिवसांची मजुरी. पण ही नोंद वाचताना लिहिणारे कोण ते विसरू नका. इलीच्या साधूंचा नायजेलवर राग होता, कारण त्याने मठाची चांदीसोन्याची चीजवस्तू गहाण टाकली होती. रकमेवर मी शंका घेत नाही. त्यांच्या सुरावर घेतो. त्या काळी पदासाठी राजाला पैसे देणं उघड चाले. 1189 मध्ये विल्यम लॉन्गचँपने चान्सलर होण्यासाठी 3,000 पौंड मोजले. त्यामुळे पैसे दिले एवढ्यावरून माणूस भ्रष्ट ठरत नाही. त्याने ते पद कसं चालवलं, हे बघावं लागतं.

आणि चालवलं कसं, हे पाइप रोलांत दिसतं. 1170 मध्ये राजाने शेरिफांच्या कारभाराची चौकशी लावली आणि बहुतेकांना काढून टाकलं. एवढी उलथापालथ पचवून हिशेब चालू राहिले ते वेस्टमिन्स्टरचं दफ्तर नीट होतं म्हणून. एखादं येणं वर्षानुवर्षं त्याच नावावर पुढे ओढलं जातं, कधी थोडं वसूल होतं, कधी मुलाच्या नावावर चढतं, आणि शेवटी ज्या दिवशी ‘बेबाक’ असा शेरा पडतो तो दिवस येतो. काही येणी वीस-वीस वर्षं चालतात. कंटाळवाणं वाटेल, पण तो चिवटपणाच त्या खात्याचं खरं बळ होतं.

त्याला साधू ठरवायची मात्र मला गरज वाटत नाही. प्रस्तावनेत तो सरळ म्हणतो की राजाची संपत्ती नेहमीच कायद्याच्या काटेकोर वाटेने आलेली नसते, कधी ती राजाच्या मनमानीनेही येते, पण त्याची चर्चा करणं प्रजेचं काम नव्हे. जंगलांच्या कायद्याबद्दल तर तो उघड कबूल करतो की तिथला न्याय देशाच्या सामान्य कायद्याचा नाही, राजाच्या मर्जीचा आहे. शिवाय एक्सचेकरमध्ये बसणाऱ्यांना कित्येक करांतून सूट होती, आणि त्या सुटीचं समर्थनही तो मन लावून करतो. हे तीनही मुद्दे त्याच्या विरोधात जातात आणि ते त्यानेच लिहून ठेवले आहेत.

याच माणसाने देणेकऱ्याची मालमत्ता विकताना शेरिफने काय हात लावू नये हेही सांगितलं आहे. नांगराचे बैल शक्यतो सोडायचे, कारण ते विकले तर तो पुढे पिकवणार काय आणि भरणार काय. कर्जदार सरदार असेल तर त्याच्याजवळ एक घोडा ठेवायचा. शेतकऱ्याच्या घरावर जप्ती आली की बैलजोडीचं काय होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी हा भाग जरूर वाचावा. यात दया आहे असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षीच्या वसुलीचा विचार आहे. पण तो विचारही सगळ्या वसुली अधिकाऱ्यांना सुचत नाही.

पुढची कारकीर्द थोडक्यात. 1184 मध्ये तो लिंकनचा डीन, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचा प्रमुख, झाला. 1189 मध्ये दुसरा हेन्री वारला, पहिला रिचर्ड गादीवर आला आणि त्याच वर्षी आपल्या रिचर्डची लंडनच्या बिशपपदी निवड झाली. 31 डिसेंबरला दीक्षा मिळाली. खजिनदारी त्याने सोडली नाही. 1193 मध्ये राजा जर्मन सम्राटाच्या कैदेत असताना खंडणी ठरली 1,50,000 मार्क. मार्क म्हणजे 160 पेनी, तेव्हा हे झाले 1,00,000 पौंड. लोकांच्या उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा, चर्चची भांडी, सिस्टर्शियन मठांची लोकर, सगळं गोळा झालं. ते सांभाळायला जी मोजकी माणसं नेमली त्यांत कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर, दोन अर्ल आणि लंडनचा मेयर यांच्याबरोबर लंडनचा बिशप रिचर्ड होता. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ राजाचा पैसा मोजणाऱ्या माणसाचं नाव त्यात आलं नसतं तरच नवल.

न्यायाच्या बाजूने मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 15 जुलै 1195 ची घटना. जमिनीच्या वादात तडजोड झाली की तिच्या दोन प्रती एकाच कातड्यावर लिहून, मधून कापून, दोन पक्षांना द्यायची पद्धत होती. त्या दिवशीच्या तडजोडीची तिसरी प्रतही काढली गेली आणि ती खजिन्यात ठेवण्यासाठी खजिनदाराकडे द्यायची असं तिच्यावरच नोंदवलं गेलं. श्रेय ह्यूबर्ट वॉल्टरला दिलं जातं आणि ते बरोबर आहे. तो तेव्हा जस्टिशियर, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत कारभार चालवणारा मुख्य अधिकारी, होता आणि त्या खटल्यातला एक पक्षकार त्याचाच भाऊ थिओबाल्ड. पण ती तिसरी प्रत कुठे ठेवावी, तर न्यायालयाच्या कपाटात नव्हे, खजिन्यात, हे सुचण्यामागे रिचर्डच्या खात्याचा दबदबा आहे असं मला वाटतं. टॅलीची एक फाक सरकारकडे ठेवण्यामागचा विचार आणि तडजोडीची एक प्रत सरकारकडे ठेवण्यामागचा विचार वेगळा नाही. त्या दिवसापासून साठत गेलेल्या प्रती 1830 च्या दशकापर्यंतच्या आहेत आणि आजही इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

1196 च्या सुमारास खजिनदारी त्याच्याच नात्यातल्या विल्यम ऑफ इलीकडे गेली. 10 सप्टेंबर 1198 ला रिचर्ड वारला.

न्यायाधीश म्हणून तो कसा होता याबद्दल मी जास्त लिहिलेलं नाही. त्याने ‘त्रिकोलुम्निस’ नावाचा एक इतिहास लिहिला होता, तीन रकान्यांत: पहिल्यात इंग्लंडच्या चर्चच्या घडामोडी, दुसऱ्यात हेन्रीची कृत्यं, तिसऱ्यात सार्वजनिक-खासगी घटना आणि दरबारातले निवाडे. हा ग्रंथ हरवला. तिसरा रकाना हाती असता तर रिचर्डचं न्यायाधीश म्हणून मोजमाप करता आलं असतं.

तुम्हाला यात पुढे जायचं असेल तर पुस्तकाचा दुसरा भाग आधी वाचा. पहिल्या भागात टेबल, काठ्या, पदं यांचं वर्णन आहे आणि ते रंजक आहे, म्हणून सगळे तिथेच अडकतात. शेरिफला हिशेबाला बोलावणं, दंडांच्या याद्या, जप्ती, शपथ हे सगळं दुसऱ्या भागात आहे. ते वाचून मग 1177 नंतरचा कुठलाही एक पाइप रोल घ्या आणि एकाच काउंटीच्या नोंदी सलग चार-पाच वर्षं पुढे नेत जा. लॅटिन येत नसलं तरी साचा ठरलेला आहे: अमक्याने हिशेब दिला, खजिन्यात इतके जमा, इतके देणे.